सुटी आणि सोबत

मार्च सरून उन्हे तापू लागली म्हणजे आमच्या सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो, 'यंदा सुटीत काय बेत?' प्रश्न दिसतो साधा, परंतु त्याला मान्य होणारी उत्तरे ठरलेली आहेत. सहकुटुंब सिमल्यास जाणार, काशी-प्रयाग करणार, मुलांना पोहण्याच्या वर्गास घालणार, गावच्या घराचे छप्पर शाकारून घेणार. यांपैकी काहीही सांगावे, विचारणारा संतुष्ट होतो. 'काहीच नाही' असे म्हटले तर त्याचा चेहरा उतरतो. आणि 'आठ दिवस एकटाच कोठे तरी जाऊन येईन म्हणतो' असे म्हटले तर मात्र त्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी दिसू लागते. घरात काही बिनसले असावे, प्रकृतीत बिघाड असावा, अथवा गृहस्थ उतारवयात कोणा महाराजांच्या नादी लागला असावा, अशा शंका तो मनातल्या मनात घेतो व चहा संपण्यापूर्वी त्यांतील एखादी बोलूनही दाखवतो. उत्तर देणारी व्यक्ती स्त्री असली तर शंका इतक्यावर थांबत नाहीत. त्या कोठवर जातात हे आमच्या वाचक भगिनींस आम्ही सांगण्याची गरज नाही.

या शंकेखोर वृत्तीशी आमचे भांडण आहे. धडधाकट, मिळवत्या किंवा घर सांभाळणाऱ्या, कोणावर न रुसलेल्या माणसाने वर्षातून काही दिवस, कोणत्याही थोर हेतूवाचून, एकट्याने बाहेर जावे आणि मनाजोगी बारीकसारीक सुखे भोगून परत यावे, ही गोष्ट आमच्या घरांत अंगात सदरा घालण्याइतकी स्वाभाविक मानली गेली पाहिजे. आणि ती पुरुषाइतकीच, किंबहुना पुरुषाच्या आधी, घरातील स्त्रीच्या वाट्यास आली पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. हे म्हणणे कित्येकांस चैनीचे वाटेल. कित्येकांस ते कुटुंबसंस्थेवरील आघातासारखे वाटेल. ज्यांस ते चैनीचे वाटते त्यांच्याशी आमचा वाद थोडा आहे. दुसऱ्यांशी बराच आहे.

आमचा समाज सुटीला प्रयोजन मागतो, हे या दुखण्याचे मूळ. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या आरंभी काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत, ती आमच्या विद्यार्थ्यांना, निदान परीक्षेच्या आदल्या रात्री, पाठ असतात: यश, अर्थ, व्यवहारज्ञान, अमंगलाचा नाश, तत्काळ लाभणारा परमानंद आणि कांतेने करावा तसा गोड उपदेश. गंमत अशी की हीच फूटपट्टी आमचे लोक नकळत सुटीला लावीत असतात. काश्मीरच्या बर्फात उभे राहून काढलेली छायाचित्रे चारशे परिचितांस त्याच रात्री पाठवणे, हे यश. कचेरीकडून मिळणाऱ्या प्रवाससवलतीची मुदत संपण्यापूर्वी ती पदरात पाडून घेणे, हा अर्थ. मुलांना शिबिरात घालून एकाच पंधरवड्यात घोड्यावर बसणे, यंत्रमानव जोडणे व इंग्रजीत भाषण ठोकणे शिकवून आणणे, हे व्यवहारज्ञान. अष्टविनायक दोन दिवसांत उरकणे, हा अमंगलनाश. कांतासंमित उपदेश हल्ली मोटारीतील वाट दाखवणाऱ्या यंत्रातून, स्त्रीच्याच आवाजात, होत असतो. प्रत्यक्ष कांता मागच्या आसनावर डबे, पाण्याच्या बाटल्या आणि घाटात ओकणारी मुले सांभाळीत असते. अशी पाच प्रयोजने आमच्या सहलींत यथासांग साधली जातात. राहते ते फक्त तत्काळ लाभणाऱ्या आनंदाचे. मम्मटाने मात्र त्यालाच सर्व प्रयोजनांच्या माथ्यावर बसवले होते.

हा आनंद बहुधा लहान असतो, आणि लहान सुखाचा स्वभाव असा आहे की त्याला विचारविनिमय सोसत नाही. एसटीच्या खिडकीतून एखादे गाव दिसले, पारावरची सावली गार वाटली, उतरावेसे वाटले. एकटा माणूस पिशवी उचलतो आणि उतरतो. पाच माणसे असली म्हणजे प्रथम ठराव मांडावा लागतो. एकाला ऊन लागते, एकाला पुढच्या मुक्कामी जेवण थंड होईल अशी भीती वाटते, एकाला येथे 'पाहण्यासारखे' काय आहे हे समजत नाही, आणि ज्याला उतरायचे होते त्याची इच्छा ठराव संमत होईपर्यंत मरून गेलेली असते. दुपारी कोणाच्या तरी पडवीत चटईवर पडून कौलांतून येणारा उन्हाचा कवडसा सरकताना पाहणे, ताडगोळे सोलून घेऊन रस्त्याच्या कडेलाच उभ्याने खाणे, पूर्वी वाचलेलेच पुस्तक पुन्हा वाचणे, पहाटे नवरंग पक्ष्याची शीळ कोणत्या झाडावरून येते हे शोधण्यात एक तास घालवणे आणि पक्षी न दिसताच परत येणे, या गोष्टी समुदायाने करता येत नाहीत असे नाही. पण समुदायात त्यांचे समर्थन करावे लागते, आणि समर्थन केले की त्यांतील गोडी अर्धी होते.

एक उदाहरण देतो. गुहागर तालुक्यात हेदवी या गावी समुद्रकाठच्या कातळात बामणघळ नावाची एक अरुंद चीर आहे. भरतीच्या वेळी लाट तीत शिरते, कोंडते, आणि पाणी मोठा आवाज करून उंच उसळते. आता भरती ही काही सहलीचा कार्यक्रम पाहून येत नाही. ती रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, आणि ओहोटीच्या वेळी त्या ठिकाणी काळ्या दगडातील एका भेगेपलीकडे काही दिसत नाही. मोटारीतून आलेली मंडळी दशभुज गणपतीचे दर्शन घेऊन घाईने खाली येतात, भेगेत डोकावतात, 'हेच का ते?' असे एकमेकांस विचारतात, तिच्या पार्श्वभूमीवर छायाचित्र काढतात आणि वेळणेश्वराकडे चालू लागतात, कारण जेवण तेथे सांगून ठेवलेले असते. त्यांनी बामणघळ पाहिली असे त्यांच्या टिपणात लिहिलेले असते. एकट्या माणसास हे बंधन नसते. तो गावातल्या माणसांना भरतीची वेळ विचारतो, जेवणाची काही सोय होईल का ते पाहतो, आणि सुरक्षित अंतर ठेवून कातळावर बसून राहतो. (अंतर खरोखरच ठेवावे, तेथील लाट कोणाची भीड धरीत नाही.) त्याने पाहिलेली बामणघळ ही निराळी वस्तू असते. त्याला त्यासाठी चार तास काहीही न करता बसावे लागले, हेच तिचे मूल्य, आणि नेमके तेच मूल्य द्यायला समुदाय तयार नसतो.

समुदाय जेथे स्वतः थांबू शकत नाही तेथे तो निसर्गाला घाई करायला लावतो, याचा दाखला पाहायचा असल्यास मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याकडे जावे. पावसाच्या तोंडाशी तेथील हिरड्या-सादड्यांच्या झाडांवर काजवे लक्षावधींनी लुकलुकतात. हा प्रकाश म्हणजे नराने मादीस घातलेली साद. ती काळोखातच पोहोचते. गेली काही वर्षे हे दृश्य पाहण्यासाठी मोटारींच्या रांगाच्या रांगा, डोळे दिपवणारे दिवे लावून, त्याच काळोखात शिरत आहेत. काळोख पाहायला दिवे घेऊन जाणारा समाज आम्हांस दुसरीकडे कोठे आढळला नाही. त्या गर्दीत प्रत्येक मोटारीत चार-पाच माणसे असतात व प्रत्येकाला दुसऱ्याला काही तरी दाखवायचे असते. दाखवण्याची हौस नसलेला माणूस अंधारात बिनदिव्याचा बसू शकतो. आम्ही काही सर्व काजवे एकट्यादुकट्यासाठी राखून ठेवा असे म्हणत नाही. पण निसर्ग सोबतीनेच उपभोगावा असा ज्यांचा आग्रह आहे त्यांनी ती रांग एकदा दुरून पाहावी.

आमच्यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की हे एकट्याने भटकण्याचे खूळ विलायती आहे आणि इंग्रजी वाङ्मय शिकवून शिकवून ते आमच्या अंगात भिनले आहे. हॅझ्लिटने १८२२ साली प्रवासावर निबंध लिहून एकट्याने चालण्याचा पक्ष घेतला, आणि स्टीव्हन्सन १८७८ मध्ये एक गाढवी बरोबर घेऊन फ्रान्सच्या सेवेन डोंगरांतून बारा दिवस हिंडला, हे खरे. ते आम्ही आनंदाने शिकवले हेही खरे. परंतु एकट्याने हिंडण्याचे वावडे आमच्या देशाला कधी होते? परिव्राजक येथलाच. बौद्धांच्या सुत्तनिपातात एकाकी चर्येचा उपदेश करणारे आख्खे सुत्त आहे. नर्मदेच्या परिक्रमेला एकटी निघालेली माणसे आजही आढळतात. फरक आहे तो दुसराच. आमच्या परंपरेने एकांत दिला तो घर सोडणाऱ्याला. घरात राहणाऱ्याच्या नशिबी तिने सोबत लिहून ठेवली. भगवी वस्त्रे घाला आणि खुशाल एकटे फिरा, लोक पाया पडतील. पण नोकरी, बायकामुले आणि विजेचे बिल सांभाळून आठ दिवस एकटे जाऊ म्हणाल तर लोक वैद्याचा पत्ता देतील. संन्यास आणि संसार यांच्यामध्ये आठ दिवसांची एक लहानशी जागा असावी, ही कल्पनाच आमच्या शिष्टाचारात नाही.

आणि जेथे पुरुषाने ती जागा बळाने घेतली, तेथे तिची किंमत कोणी दिली हेही पाहिले पाहिजे. धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये ज्ञानाच्या शोधार्थ गोव्यातून घर सोडून निघाले. मागे पत्नी होती, तान्ही मुलगी होती. त्यांच्या शोधातून मराठीला जे मिळाले ते इतके मोठे आहे की त्यांच्याविषयी वावगा शब्द काढण्याचे आमच्या मनात येणार नाही. रेव्हरंड टिळकांचे मन घरात ठरत नसे आणि ते अनेकदा निघून जात, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'च्या प्रत्येक वाचकास ठाऊक आहे. ते पुस्तक वाचून आम्ही हसतो. लक्ष्मीबाईंनीच आम्हांस हसण्याची सोय करून ठेवली आहे. पण त्या विनोदाच्या मागे मुलाबाळांसह वाट पाहत बसलेली एक बाई आहे, आणि ती उठून न सांगता निघून गेली असती तर त्यावर कोणी विनोदी प्रकरण लिहिले नसते. पतीस मागे ठेवून आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. पण त्यांना जाऊ दिले ते वैद्यक शिकण्यासाठी, आणि तेवढ्यावरही केवढे वादळ उठले. थोर प्रयोजन दाखवा, मग कदाचित जाऊ देऊ, हा स्त्रीपुरतचा जुना करार. तो अद्याप मोडलेला नाही. आज मुलगी शिकण्यासाठी एकटी जर्मनीस जाते व आईबाप पेढे वाटतात. तीच मुलगी चार दिवस एकटी वाईच्या घाटावर बसून येते म्हणाली तर घरात रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो.

येथे आम्हांस एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे, कारण ती विसरली जात आहे. जुन्या समाजाने स्त्रीला सुटी दिली नव्हती असे समजणे चुकीचे आहे. त्याने ती दिली होती, आणि तिला माहेरपण असे नाव होते. चैत्र-वैशाखात सासुरवाशीण माहेरी जाई. तेथे तिला कोणी पहाटे उठवीत नसे. तिच्या पुढ्यात ताट वाढून येई, केस विंचरायला आई बसे, आणि विहिरीवर मैत्रिणींशी बोलत बसल्यास वेळ किती झाला हे विचारणारे कोणी नसे. आठ-पंधरा दिवस ती कोणाची सून नव्हती. जात्यावरच्या ओव्यांत माहेराइतका दुसऱ्या कोणत्याही स्थळाचा जप नाही, याचे कारण नुसती माया नव्हे. ती त्या बाईच्या वर्षातील एकमेव सुटी होती. आमचे पूर्वज इतर अनेक बाबतींत कठोर असतील, पण माणूस सतत राबत राहिल्यास मोडते आणि त्याला काही दिवस त्याच्या भूमिकेतून मोकळे केले पाहिजे, हे त्यांस कळत होते.

आम्ही सुधारलेल्या लोकांनी काय केले? माहेरपण मोडले, आणि त्याच्या जागी काही ठेवले नाही. मोडले ते कोणी दुष्टपणाने नव्हे, परिस्थितीनेच मोडले. आईवडिलांचे बिऱ्हाड आता दोन स्टेशने पलीकडे असते. ते दोन खोल्यांचे असते, आणि त्यांतील एकीत भावाचा मुलगा बारावीचा अभ्यास करीत असतो. आई स्वतःच सत्तरीची, गुडघ्यांनी अधू. मुलगी जाते ती तिला दवाखान्यात नेण्यासाठी. म्हणजे माहेर हे विसाव्याचे ठिकाण राहिले नसून दुसरे कामाचे ठिकाण झाले आहे. उरली कुटुंबाची सहल. पण सहलीत गृहिणीचे काम थांबत नाही, फक्त स्थलांतर करते. कोणाला कोणता पदार्थ सोसत नाही, कोणाचा स्वेटर कोणत्या पेटीत आहे, सासऱ्यांच्या रक्तदाबाची गोळी किती वाजता, हे सर्व कुलूमनालीच्या थंडीतही तिच्याच डोक्यात असते. सरकारने २०२४ साली केलेल्या कालविनियोगाच्या पाहणीत घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचे दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात आणि पुरुषांची ८८, असे आढळले. ही मोजणी करणाऱ्यांनी सहलीच्या दिवसांची वेगळी बेरीज केली असती तर आम्हांस वाटते, पुरुषांचा आकडा शून्याजवळ गेला असता व स्त्रियांचा फारसा हलला नसता.

'परंतु सुरक्षितता?' असे आता विचारले जाईल. प्रश्न खरा आहे आणि आम्ही तो थट्टेवारी नेणार नाही. स्त्रीला आपल्या देशात रस्त्यावर जो त्रास होतो तो कल्पित नाही. आमचा आक्षेप त्या काळजीवर नसून तिच्या वापरावर आहे. पहाटेच्या पहिल्या गाडीने टोपली घेऊन घाऊक बाजारात जाणाऱ्या कोळीण भगिनीस सोबत कोणाची असते? रात्रपाळी संपवून घरी येणाऱ्या परिचारिकेस? शिक्षिकेस निवडणुकीच्या कामावर आडगावी धाडताना तिच्या सोबतीची चौकशी कोणी करते काय? काम असले म्हणजे स्त्री एकटी कोठेही जाऊ शकते, केवढ्याही अवेळी जाऊ शकते, आणि तिच्या धैर्याचे कोणाला कौतुकही वाटत नाही. धोका आठवतो तो ती स्वतःच्या आनंदासाठी निघाली म्हणजे. वाटेवरचा चोर हा काम व करमणूक असा भेद करीत नाही; तो भेद आम्ही करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात असे दिसले की बाजार, दवाखाना आणि गावाबाहेरचे ठिकाण या तिन्ही जागी एकट्याने जाण्याची मुभा असलेल्या स्त्रिया १५ ते ४९ या वयोगटात शंभरांत अवघ्या ४२ आहेत. दवाखाना, वाचकहो! सुटीची गोष्ट दूरच राहिली.

ज्यांना सुरक्षिततेची खरी कळकळ आहे त्यांच्यासाठी काम पुष्कळ आहे. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एसटी धावली. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना या गाड्यांत निम्मे भाडे पडते. कोठेही चढा, कोठेही उतरा, असा चार किंवा सात दिवसांचा पासही महामंडळ देते. म्हणजे भाड्याची अडचण, निदान आमच्या वर्गापुरती, राहिलेली नाही. अडचण आहे ती स्थानकावरील दिव्याची, आणि पाय ठेवता येईल अशा स्वच्छतागृहाची. कित्येक बाया प्रवासात दिवसभर पाणी पीत नाहीत हे पुरुषांना ठाऊकही नसते. मुलीला घरी बसवण्यासाठी खर्ची पडणारी वाणी तालुक्याच्या स्थानकावर रात्री दिवा लागावा म्हणून अर्ज करण्यात खर्ची पडली असती तर आजवर पुष्कळ उजेड पडला असता.

दुसरी अडचण मुक्कामाची, आणि ती पुरुषासही भोगावी लागते. एकटा माणूस खोली मागायला आला की पुष्कळ ठिकाणी चालकाची नजर बदलते. 'फक्त कुटुंबासाठी' अशी पाटी समुद्रकाठच्या घराघरांवर दिसते. आम्हांस एका गावी, बाहेर अंधार पडला असताना, खोल्या रिकाम्या असून परत पाठवण्यात आले. कारण विचारता उत्तर मिळाले, की एकटी माणसे येऊन जिवाचे बरेवाईट करून घेतात व मागाहून पोलिसांचा त्रास आम्हांस होतो. आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून त्याचा संशय कमी होण्याऐवजी वाढला असावा. त्या माणसाचा आम्हांस राग आला नाही. त्याने आमच्या समाजाचे मत फक्त स्पष्ट शब्दांत सांगितले: ज्याच्याबरोबर कोणी नाही तो एक तर मरायला आला असेल, नाही तर पळून आला असेल. चहा पिऊन, दोन दिवस खाडी पाहून, परत जाण्यासाठी तो आला असेल ही तिसरी शक्यता त्याच्या नोंदवहीत नव्हती. स्त्री एकटी आली तर त्या नोंदवहीत आणखी कोणते रकाने उघडतात हे सांगायला नको.

एकट्याने जाण्याची नवी लाट तरुणांत आली आहे, मग तुमची तक्रार कशाला, असे कोणी म्हणेल. लाट आली आहे खरी. पण तिच्यातले पुष्कळसे एकटेपण नावाचेच आहे. एक हात सदैव लांब करून स्वतःचीच तसबीर काढणारा, चहाच्या प्रत्येक पेल्याची वार्ता पाचशे लोकांस कळवून त्यांची पसंती मोजणारा तरुण एकटा कसला? तो पाचशे माणसांची सहल खिशात घालून हिंडत असतो, आणि त्या पाचशेंचे मन राखण्यात त्याचा जो वेळ जातो तो घरच्या चौघांच्या मिनतवारीत गेला नसता. तसेच 'एकट्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी' म्हणून चाळीस स्त्रियांची टोळी, एक निशाण धरणारी मार्गदर्शिका आणि मिनिटामिनिटाचा कार्यक्रम असा जो धंदा हल्ली चालतो, त्याच्या नावातील विनोद चालकांच्या लक्षात आलेला दिसत नाही. तरीही आम्ही त्या बायांना हसणार नाही. ज्या घरातून एकटीला निघू देत नाहीत त्या घरातून चाळिसांच्या आडोशाने का होईना, ती बाहेर पडली. टोळीतून परतल्यावर तिला एवढे तरी कळलेले असते, की आठ दिवसांत घर कोसळले नाही.

खरे एकटेपण पाहायचे असेल तर तालुक्याच्या गावाहून संध्याकाळी सुटणाऱ्या वस्तीच्या गाडीत बसावे. ही गाडी रात्री एखाद्या टोकाच्या खेड्यात मुक्काम करते आणि उजाडताच परत फिरते. तीत सहलीचे लोक नसतात. चालकाच्या शेजारी कोणाची औषधे, कोणाचे वर्तमानपत्र, कोणाच्या लग्नाच्या पत्रिकांचे पुडके ठेवलेले असते. एकेका वळणावर एकेक माणूस उतरत जाते, आणि शेवटच्या चार मैलांत वाहक आपल्या पेटीतील सुट्या पैशांचा हिशेब करीत बसतो. तुम्ही कोण, कशासाठी आलात, हे तो विचारतो. 'सहज' असे सांगितले तर क्षणभर पाहतो आणि मग कोणाकडे उतरायची सोय होईल ते सांगतो. आमच्या अनुभवात 'सहज' हा शब्द पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यापेक्षा त्या गाडीत पुष्कळ अधिक समजला जातो.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, आणि तोच सर्वांत मनापासून घेतला जातो: ती गेली तर घर कसे चालेल? स्वार्थीपणा, कुटुंबाचे ऐक्य, मुलांवरील संस्कार हे सगळे त्याचेच शोभिवंत अवतार. तूरडाळ कोणत्या डब्यात असते, दूधवाल्याचा हिशेब कोठे लिहिलेला असतो, कुकरच्या शिट्ट्या किती होऊ द्यायच्या? हे प्रश्न विचारणारे गृहस्थ बहुधा त्याच घरात तीस वर्षे राहत असतात. कचेरीत त्यांच्या हाताखाली वीस-पंचवीस माणसे असतात, आणि देश कसा चालवावा याविषयी त्यांची मते निश्चित असतात. त्यांना आमचे इतकेच सांगणे आहे की डाळीचा डबा स्वयंपाकघरातच असतो व फडताळ उघडले असता सापडतो. हिशेब दूधवाल्याला पाठ असतो. शिट्ट्यांविषयी शेजारी चौकशी करावी. तिला फोन करून विचारू नये.